आईबापाचा ओटीपी

दिव्याच्या हाडांत सिकलसेलची कळ उठली होती आणि रुग्णवाहिका यायला चार तास होते. गावच्या आशाताईने डॉक्टरांच्या ॲपवर पोरीचे वय घालताच ॲपने आईबापाच्या फोनवरचा ओटीपी मागितला. दोघे तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, फोन बंद. “मी आजी आहो, माहा अंगठा घे,” सुकरीबाईंनी फर्मावले. “चालत नाई, बाई. तुमीच त ग्रामसभेत ठराव केला, आईबापाले इचारल्याबिगर लेकराचं नाव फोनात घालाचं नाई.” ठराव त्यांचाच होता. गेल्या वर्षी ॲपमधली रोग्यांची यादी गावोगाव फिरून मोठ्या नातीची सोयरीक मोडली होती. मांडीवरची पोर आता कण्हतही नव्हती. “माहं नाव घाल. वय बहात्तर.” डॉक्टर फोनवर आले. “आजी, वजन किती?” “बावीस किलो.” डॉक्टरांनी पडद्यावरची नोंद पुन्हा पाहिली. “आणि वय बहात्तर?” “वय तेच राहू द्या, साहेब. गोळी बावीस किलोची सांगा.”