चंद्राची रेघ

गोपिकाची तेरवी उद्यावर आली, तेव्हा प्रेमिलानं बापाच्या कॅमेऱ्यातला रोल मागितला. मनोहररावांनी कॅमेरा मागे सरकवला.

"खराब झाला तो."

"आईचा एकुलता एक फोटो त्याच्यातच आहे, बाबा. मग हार कशाले घालाचा?"

ते पोरीच्या हातापाया पडले, तरी ती रोल घेऊन गांधीबागेतल्या स्टुडिओत गेलीच.

मनोहररावांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं. त्या रात्री गोपिका झोपली होती, म्हणून चंद्राचा फोटो काढायला ते गच्चीवर गेले. पाच मिनिटांत खाली आले, तर दम्यानं तिचा जीव गेलेला.

संध्याकाळी प्रेमिला परतली. आईचा फोटो तिनं पाटावर ठेवला आणि त्या रात्रीचा दुसरा फोटो बापाच्या हातात दिला. त्यात गोल चंद्र नव्हताच. काळ्या आभाळात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ होती.

"शटर उघडं राहिलं की चंद्र सरकते अन् रेघ उमटते, तुम्हीच तं शिकवलं मले," ती म्हणाली. "एवढी लंबी रेघ पाच मिनिटांत येते का, बाबा?"

मनोहररावांनी फोटो उलटा केला.

"गच्चीपर्यंत तिची धाप ऐकू येत होती वं," ते म्हणाले. "मले खाली उतराची हिंमतच नाही झाली."