संथेचा हात

"अण्णा, हे औषध बोटं वाचवेल. पण त्यानंच मेंदूत रक्तस्राव झाला तर तुम्ही हाती लागायचे नाहीत," अंतरा म्हणाली.

श्रीनिवासगुरुजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कोमट पाण्यातून तो नुकताच काढला होता. तळवा लाल झाला होता. बोटं मात्र अजून राखेच्या रंगाची होती, आणि ती आपली आहेत असं काही त्यांना वाटत नव्हतं.

काशीत कुणाला बर्फ बाधल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शहराबाहेर हिरवे मटार गोठवायचा नवा कारखाना निघाला होता. मालकाला गुरुजींच्या हातून पूजा ऐन बर्फखोलीतच हवी होती, आणि यंत्रं आदल्या दिवशीच चालू करून ठेवलेली. मंडळी पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर पळाली. मालक दारातून हातमोजे दाखवत राहिला. पण मोजे चामड्याचे, गुरुजी सोवळ्यात. आणि एकदा धरलेला पाठ मध्येच सोडायचा नाही, हे त्यांना बापानं शिकवलेलं. खांद्यावर धाबळी होती, पाय पाटावर दुमडलेले होते, डावा हात धाबळीच्या उबेत होता. उजवा ओला हात तेवढा तांब्याच्या अभिषेकपात्रावर राहिला. पाठ संपला तेव्हा पात्र हातातून सुटेना. सुटलं, तर बोटं दाराच्या चौकटीला लागून लाकडासारखी वाजली.

"लोक मुक्तीसाठी आयुष्यभर थांबतात, माझी बोटं पुढं निघाली," असं ते इस्पितळात आल्या आल्या म्हणाले होते. कुणी हसलं नव्हतं.

अंतरा त्याच इस्पितळात डॉक्टर होती. तिचे मोठे साहेब म्हणत होते, थांबू या. जे मेलं असेल ते काळं पडून आपोआप कळेल, मग तेवढं कापू. अंतरा ऐकेना. तिनं लेहच्या इस्पितळातल्या मैत्रिणीला फोन लावला, रिपोर्ट पाठवले, मग साहेबांशी पुन्हा वाद घातला. वडिलांना तिनं सोपं करून सांगितलं. बर्फ वितळला, पण बोटांतल्या बारीक बारीक नसांमध्ये रक्ताच्या गुठळ्या धरल्यात. वाट बुजली की पुढचं गाव उपाशी मरतं. हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायला जे इंजेक्शन देतात, तेच इथं चालतं. पण आजच. उद्या दिलं तर त्याचा उपयोग नाही. साहेब अखेर म्हणाले होते, पंडितजी मान्य करत असतील तर द्या.

दूधविनायकाच्या गल्लीत गुरुजींची पाठशाळा. तिथं मुलं वेद नुसता कानानं शिकत नाहीत, गुरूच्या हातानं शिकतात. हात वर गेला की स्वर वर, खाली आला की खाली, आडवा फिरला की स्वरही वळतो. हा हात त्यांना वडिलांनी दिला, वडिलांना आजोबांनी. गुरुजींना मुलगा नव्हता. लग्नामुंजीत कुणी विचारलंच, तर ते स्वतःच सांगून टाकत, आमच्या घरचा हात माझ्यापाशी संपला. आणि मुलगी? डॉक्टर झाली, आता काय करणार.

"हात गेला तर मागं राहून मी शिकवू काय?" ते म्हणाले. "दे तू."

औषध चढलं. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त आलं. अंतरानं ते पुसलं, डोळ्यांत टॉर्च मारला, नाव विचारलं, गाव विचारलं. रात्रभर दर तासाला ती तेच विचारत राहिली.

सकाळी तिनं वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र अंगठ्याला टेकवलं. आधी नुसती खरखर. मग आतून सळसळ आली, लांबून नदी ऐकू यावी तशी. अंगठा बोलला. मग तर्जनी, मग मधलं, मग अनामिका. करंगळीचं टोक तेवढं मुकंच राहिलं. साहेबांनी स्वतः कान लावून ऐकलं आणि आपल्या ज्युनिअर पोरांना म्हणाले, इनसे सीखो. शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्याला गुरुजींनी न विचारताच सांगितलं, ही माझी मुलगी.

घरी आल्यावर त्यांनी मुलांना बसवलं. हाताला बँडेजचा हा मोठा गोळा. नुसत्या गळ्यानं संथा द्यायला लागले, पण मुलांचे स्वर भरकटले. त्यांनी गोळा उचलून पाहिला. एकजण फिस्सकन हसला, म्हणाला, गुरुजी, ही तर रजई हलतेय. गुरुजी डोळे मिटून तसेच म्हणत राहिले.

आणि एकाएकी स्वर जुळले. चढायचे तिथं चढले, उतरायचे तिथं उतरले. गुरुजींनी डोळे उघडले. मुलं त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागं बघत होती.

ते वळले. ड्रेसिंग बदलायला आलेली अंतरा उंबऱ्याबाहेर उभी होती. मुलींनी आत यायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. त्यांनीही तो कधी मोडला नव्हता. याच उंबऱ्याबाहेर बसून ती शाळेचा गृहपाठ करायची. आता तिच्या डाव्या हातात पट्ट्यांचा ट्रे होता आणि उजवा हात तिच्याही नकळत हवेत चालला होता. वर, खाली, आडवा. कुठं चुकत नव्हता. करंगळी थोडी वाकडी होती. गुरुजींची करंगळी लहानपणी मोडून तशीच वाकडी बसली होती. अंतराची कधी मोडली नव्हती.

बाप बघतोय हे दिसताच तिनं हात झटकन कोटाच्या खिशात लपवला. पाठ थांबला. मुलं पुन्हा गुरुजींच्या तोंडाकडे बघू लागली.

"आत ये," गुरुजी तिला म्हणाले. मग मुलांकडे वळले. "माझ्याकडे काय बघता रे? हात तिकडे आहे."