चार फूट पाणी

शर्यतीला अजून तीन दिवस होते, पण सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागलासुद्धा: ‘ट्रायथलॉन पूर्ण केल्याबद्दल दिघेकाकांचे हार्दिक अभिनंदन!’

“फ्लेक्सवाला रविवारी बंद असतो,” सेक्रेटरी म्हणाले. “शाल-नारळही आणलाय. तुम्ही फक्त शर्यत उरकून या.”

काका हसले. सायकल आणि धावणं जमत होतं. भीती तलावात पोहण्याची होती. वर्षभर ते महापालिकेच्या टँकमध्ये चार फूट पाण्यातच पोहले होते, तेही दम लागला की हळूच पाय टेकवत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तलावाचा तळ चाळीस फूट खाली होता. डोळे मिटले की तो दिसायचा.

संध्याकाळी ताट तसंच राहिलं. बायको शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही टँकमध्ये पाय टेकता ना? आमचा योगवर्ग समोरच्याच गच्चीवर भरतो.”



तिनं कपाटातून गुंडाळलेला फ्लेक्स काढला. “उतरवून आणलाय. साल छापलेलं नाही, पुढच्या वर्षी चालेल. नारळ टिकायचा नाही म्हणून तोही मागून आणला. उद्या चटणी करते. जेवा आता.”