पन्हळीखालचा अळू

पेशवाई ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. पटली तर घ्या. चातुर्मासातल्या एका जंगी पंगतीत अळूची पातळ भाजी वाढून झाली आणि विसंभट आचाऱ्याला दरदरून घाम फुटला. चिंच घालायचीच राहिली होती! आता साऱ्या पंगतीचे घसे खाजणार, आणि पुण्यात पुन्हा कुणी त्याला चुलीपाशी उभं करणार नाही. त्याने पळी उंचावली.

"मंडळी, हा अळू देवळाच्या पन्हळीखालचा, अभिषेकाच्या पाण्यावर पोसलेला. चातुर्मासात चोरून कांदा खाल्लेल्याचाच घसा तेवढा खाजवतो!"

मग एकेक जण हळूच खाकरू लागला. सगळ्यांत कर्मठ शास्त्रीबुवांच्या तर डोळ्यांत पाणी तरारलं.

"कसा झालाय, शास्त्रीबुवा?"

"अमृत! वाढ अजून," शास्त्रीबुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

पंगत उठली. सुटलो बुवा, म्हणत विसंभट स्वतः जेवायला बसला. अळूभात खाता खाता, मधूनमधून खाकरत त्याने चुलीपाशी हाताखाली राबणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, चिंचेचा कोळ मी केव्हाच घातला होता," ती म्हणाली. "आपण का खाकरताय?"