निरंक

आजोबांपासूनची कालव्याची पाणीपाळी मी आज कचेरीत जाऊन हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाला लिहून दिली. अर्जातला शेवटचा प्रश्न: ‘या पाण्यावर अन्य कोणी अवलंबून?’ मी झोकात ‘निरंक’ लिहिलं. कागदोपत्री खरंच होतं. आमच्या शेतातून निथळणाऱ्या पाण्यावर खालच्या काकूंचा मळा पिकतो, याची नोंद कुठे होती? घरी येतो तर काकू आमच्याच चरात गुडघाभर गाळात उभ्या, हातात खोरं. “आले का साहेब? गुरुवारी पाणी सुटायचंय, चर बघ कसा तुंबलाय! तुझ्या नाजूक कंबरेचं कौतुक ठाऊक, म्हणून तुझ्या वाटणीचाही गाळ काढतेय.” “काकू, राहू द्या...” “गप रे. आधी तुझं पाणी, मग माझं.” त्यांच्या हातचं खोरं घेऊन मी गाळ उपसू लागलो. काकू काठावर टेकल्या. “शहाणा झालास,” म्हणाल्या, “आता थेंबही वाया जायचा नाही.”