चार बोटं वर

"बोटीच्या इंजिनाचा पंखा रस्त्याला घासतोय, ट्रेलर चार बोटं वर उचल," बाबा म्हणाले. माझं वेल्डिंगचं दुकान. मी आसावर ठोकळे बसवून बोटीचा ट्रेलर उंच करून दिला. आठवड्यानं ते रिकामा ट्रेलर घेऊन परत आले. पंखा पुन्हा घासला म्हणे. मी पट्टी लावून ट्रेलरची उंची मोजली, ती भरपूर होती. डोकंच चालेना. "कमी उचललंस तू," ते वैतागले. शेवटी मी त्यांच्यासोबत धक्क्यावर गेले. त्यांनी बोट ट्रेलरवर ओढली, पट्टे आवळले आणि गाडी सुरू केली. बोटीचं इंजिन तसंच खाली लोंबत होतं. निघण्याआधी ते वर उचलून अडकवायचं, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. "बाबा, थांबा!" ते उतरले, इंजिनाकडे बघत राहिले. "यात काय चुकलं?" मी इंजिन वर अडकवलं. "आज मी चालवते," म्हटलं. कुणाचंच न ऐकणाऱ्या बाबांनी मुकाट्यानं किल्ली काढून दिली.