एकवीस रुपयांचा पौंड

"देवराव, दाखला आजच पायजे मले," हॅरिसनसाहेब म्हणाला. तीस वर्षं अकोल्यात काढल्यानं तो अस्सल वऱ्हाडी बोलायचा. त्याची विलायती कंपनी इथली कापसाची जिनिंग विकून सगळा पैसा लंडनला नेणार होती. कर फिटल्याचा आयकर कचेरीचा दाखला मिळाल्याशिवाय एक छदामही देशाबाहेर जाणार नव्हता. आणि ती फाईल होती इन्स्पेक्टर देवरावच्या हाती.

"अजून दोन कागद कमी आहेत," देवराव म्हणाला.

कागद कमी नव्हते. पंचेचाळीस साली जिनिंगला आग लागली, तेव्हा गाठी चोरीला जातील म्हणून याच साहेबानं फाटक उघडू दिलं नव्हतं. आत सात बाया जळून मेल्या. त्यांत देवरावची माय, चतुराबाई. साहेबाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. देवरावनं महिनाभर त्याला असेच खेटे घालायला लावले.

मग सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. काल तेरा रुपयांना मिळणारा पौंड एकवीसला गेला. लंडनला पोचायची रक्कम एका रात्रीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त आटली. देवरावनं कचेरीभर पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेब आला. हसत.

"उपकार झाले तुमचे. तुमी अडवलं म्हणून विक्री राहिली. आता लंडनवाले म्हणतात, विकू नका. तिथल्या एका पौंडात इथं दीडपट माल येते. शेजारची जिनिंगही घेऊन राहिलो आमी. मी बी इथंच राहतो."

देवरावनं फाईल मिटली. ज्याला नागवायला निघालो, त्यालाच मालामाल केलं! साहेब दारापाशी पोचला, तेव्हा कुठे देवरावच्या ध्यानात आलं. विलायती कंपनीला देशी कंपनीहून जबर कर होता. तो चुकवायला ही मंडळी दरसाल नफ्याचा मोठा वाटा लंडनच्या ऑफिसचा खर्च म्हणून दाखवत. देवरावनं तसं वर लिहून कळवलं होतं. 'चालले ते लोक, कशाला जुनं उकरता?' म्हणत वरच्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

"साहेब, या, बसा," देवराव शांतपणे म्हणाला. "बरं झालं तुमी राहिले. जाणाऱ्याले दाखला देऊन सोडून द्या लागते. राहणाऱ्याचं मागच्या सोळा वर्षांचं जुनं उकरता येते."